अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या गावाने नाव बदललं, पण त्या गावाचा माल आपल्या छपरांवर तसाच आहे

ऑक्टोबर २०२०. कोरोनाचे दिवस. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या एका लहानशा गावात मतदान चालू होतं. लोक गाडीतूनच यायचे, मत द्यायचे आणि गाडीतूनच निघून जायचे. मतदानाचं वय होतं १४ वर्षं, म्हणजे शाळेतली पोरंही मतदार होती. आमदार, खासदार किंवा नगराध्यक्ष निवडायचा नव्हता. निवडायचं होतं गावाचं नाव.

जुनं नाव होतं, अ‍ॅस्बेस्टॉस.

हो, तेच. ज्या खनिजाचा धागा सिमेंटमध्ये कालवून आपल्याकडे पत्रे बनतात, तेच. या गावात जगातली सगळ्यात मोठी अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती, म्हणून गावाला नावही तेच पडलं. शंभर वर्षं या नावाने गावाचं पोट भरलं. पुढे जगाला कळलं की हे खनिज कर्करोग करतं आणि तेच नाव गावाच्या गळ्यात धोंड होऊन बसलं.

आता ७ हजार वस्तीच्या गावाशी आपलं काय देणंघेणं, असं वाटू शकतं. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाच्या पोलाद, ॲल्युमिनियम आणि लाकडावर आयातशुल्काचा मारा केल्यापासून तिथल्या छोट्या गावांसमोर एकच प्रश्न आहे. अख्खं गाव ज्या एका गिरणीवर किंवा एका कारखान्यावर जगतं, ती गिरणीच बंद पडली तर पुढे काय? अ‍ॅस्बेस्टॉस या प्रश्नातून आधीच गेलेलं गाव आहे. दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं आहे. या खाणीच्या शेवटच्या काळातलं सगळ्यात मोठं आशास्थान भारत होता.

खाणीने गाव वसवलं, खाणीनेच गाव खाल्लं

मॉन्ट्रियलपासून साधारण दीडशे किलोमीटर पूर्वेला हे गाव आहे. आजूबाजूला टेकड्या, शेतं, दुधाचा धंदा. १८७० च्या दशकाच्या शेवटी इथल्या एका टेकडीत हा विचित्र दगड सापडला. विचित्र अशासाठी की तो कापसासारखा पिंजता येतो, त्याचा धागा निघतो, कापड विणता येतं आणि ते कापड जळत नाही. डब्ल्यू. एच. जेफ्री नावाच्या शेतकऱ्याने खोदकाम सुरू केलं, त्याच्याच नावाने खाण ओळखली जाऊ लागली. जेफ्री माइन.

तो काळ वाफेच्या इंजिनांचा. बॉयलरला गुंडाळायला, पाइपांवर चढवायला, गाडीच्या ब्रेकमध्ये घालायला, इमारतीच्या छतात भरायला, सगळीकडे न जळणारं काहीतरी हवं होतं. क्यूबेकमधले लोक या खनिजाला ‘पांढरं सोनं’ म्हणायला लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास खाण जॉन्स-मॅनव्हिल या अमेरिकन कंपनीच्या हातात गेली आणि तिथून गाव म्हणजे कंपनी, कंपनी म्हणजे गाव असं चित्र झालं. घरं, दवाखाना, नोकऱ्या, सगळ्याचा धागा शेवटी कंपनीपाशी जायचा.

ही उघडी खाण होती. डोंगर पोखरून बोगदा न काढता जमीन वरून गोल गोल कापत खाली जायची पद्धत. त्यामुळे खाण जसजशी खोल गेली, तसतशी ती रुंदही होत गेली. आणि तिच्या काठावर होतं गाव. मग काय, गावच सरकवायला सुरुवात झाली. घरं उचलली, रस्ते गेले, १९६० च्या दशकात गावाचं जुनं चर्चही गेलं. आपल्याकडे धरणात गाव गेल्याच्या कितीतरी गोष्टी आहेत. इथे गाव स्वतःच्याच खाणीत गेलं, तेही फारशी खळखळ न करता, कारण खाण वाढतेय म्हणजे कामही वाढतंय, असा सरळ हिशोब होता. आज हा खड्डा साधारण २ किलोमीटर रुंद आणि ३५० मीटर खोल आहे. म्हणजे त्यात आयफेल टॉवर उभा केला तर तो जेमतेम काठापर्यंत येईल.

१९४९: एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, त्यातली एकच गावाला कळली

फेब्रुवारी १९४९ मध्ये इथल्या आणि शेजारच्या थेटफर्ड माइन्समधल्या मिळून सुमारे ५ हजार कामगारांनी संप केला. मागण्या अगदी साध्या होत्या. तासाला १ डॉलर मजुरी मिळावी आणि गिरण्यांमधली धूळ कमी करावी. क्यूबेकचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, मॉरिस द्युप्लेसी यांनी संप बेकायदा ठरवून पोलीस पाठवले. कंपनीने बाहेरून बदली कामगार आणले. मे महिन्यात संपकऱ्यांनी गावाचे रस्ते अडवले, पोलिसांनी धरपकड केली, मारहाण केली. मॉन्ट्रियलचे आर्चबिशप जोसेफ शारबोनो यांनी कामगारांच्या बाजूने उभं राहून चर्चमधून त्यांच्यासाठी पैसे गोळा करायला लावले. पुढच्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं.

संप चार महिन्यांहून जास्त चालला. कामगारांच्या हाती थोडी पगारवाढ सोडली तर फार काही लागलं नाही. पण क्यूबेकच्या राजकारणात या संपाला मोठा मान आहे. आधुनिक क्यूबेकची सुरुवात इथे झाली, असं मानणारे बरेच आहेत. संपाला पाठिंबा द्यायला आलेला एक तरुण वकील पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला, त्यांचं नाव पिएर ट्रुडो. जस्टिन ट्रुडो यांचे वडील. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी जस्टिन यांच्याच सरकारने घातली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ही झाली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली, ती कंपनीच्या फायलीत राहिली. कंपनीचे डॉक्टर केनेथ स्मिथ यांनी खाणीतल्या आणि गिरणीतल्या ७०८ कामगारांच्या छातीचे एक्स-रे तपासले. पूर्ण निरोगी फुप्फुसं निघाली फक्त ४ जणांची. काही जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे धुळीने फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार, झाला होता. डॉक्टरांचा सल्ला काय होता? माणूस अजून काम करू शकतोय तोपर्यंत त्याला हे सांगू नये, तो समाधानाने जगेल आणि कंपनीलाही त्याच्या अनुभवाचा फायदा होईल. हा कागद कित्येक वर्षांनी अमेरिकेतल्या खटल्यांमध्ये बाहेर आला.

या आजाराचा घातकपणा त्याच्या वेळेत आहे. धागा श्वासातून आत जातो आणि तिथेच अडकून बसतो. फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसायला २०, ३०, कधीकधी ४० वर्षं लागतात. तोवर कामगार रिटायर झालेला असतो, कंपनीचा मालक बदललेला असतो. डॉक्टरने विचारलं तरी माणूस म्हणतो, सिगारेट ओढायचो हो पूर्वी. म्हणून ‘आमच्या गावात तर कोणी मेलं नाही’ हे वाक्य अशा गावांत नेहमी ऐकू येतं आणि ते बोलणारा खोटं बोलत असतो असंही नाही.

मग गिऱ्हाईक कुठे शोधायचं?

१९७० च्या दशकात अमेरिका आणि युरोपात खटले सुरू झाले. १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिलने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. कंपनी धंद्यात बुडाली नव्हती, नुकसानभरपाईचे दावे पेलवणार नाहीत म्हणून तिने ही वाट धरली होती. खाण स्थानिक मालकांकडे आली. युरोपातले देश एकेक करून बंदी घालत गेले. २००२ मध्ये जेफ्री माइनही दिवाळखोरीत गेली. एके काळी २ हजारांवर लोकांना काम देणारी खाण वर्षातले काही महिने, काहीशे माणसांवर चालायला लागली.

जो माल निघायचा, तो जायचा कुठे? कॅनडात त्याचा वापर जवळपास थांबला होता. सरकारी इमारतींच्या भिंतींतून, छतांतून अ‍ॅस्बेस्टॉस खरवडून काढायचं काम चालू होतं, तेही अंतराळवीरासारखे सूट घालून. त्याच वेळी खाणीतून निघालेला माल गोण्यांमध्ये भरून आशियात जायचा. भारत, इंडोनेशिया आणि आसपासचे देश.

कॅनडा सरकारचा यावरचा युक्तिवाद ठरलेला होता. खाणीतलं क्रिसोटाइल, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, नीट काळजी घेऊन वापरलं तर सुरक्षित आहे. हे सांगायला एक संस्थाही होती, क्रिसोटाइल इन्स्टिट्यूट, आणि तिला कित्येक वर्षं सरकारी पैसा मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं मत मात्र स्पष्ट आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसात कर्करोग करतात.

आणि ‘नीट काळजी’ म्हणजे काय ते बघा. ओलं करून कापायचं, धूळ ओढणारं यंत्र लावायचं, मास्क घालायचा, कपडे घरी न नेता कामावरच धुवायचे. आता आपल्या गावातला पत्रे बसवणारा मिस्त्री डोळ्यासमोर आणा. रुमाल बांधला तर बांधला.

मे २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘द डेली शो’ या कार्यक्रमाने याच विषयावर एक व्हिडिओ केला. त्यासाठी त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉस गावात पाठवला आसिफ मांडवी. हा विनोदी कलाकार मूळचा मुंबईत जन्मलेला. तुम्ही स्वतः वापरत नाही ते भारताला कसं विकता, हा त्याच्या थट्टेचा गाभा होता. गावाची जगभर चेष्टा झाली. गावकऱ्यांना ते लागलं आणि ते समजण्यासारखं आहे, कारण धोरण ठरवणारे लोक ओटावा आणि क्यूबेक सिटीमध्ये बसले होते, नाव मात्र गावाचं लागलेलं होतं.

५ कोटी ८० लाखांचं कर्ज आणि एक निवडणूक

२०११ संपता संपता कॅनडातल्या शेवटच्या दोन्ही अ‍ॅस्बेस्टॉस खाणींचं काम थांबलं. १३० वर्षांत पहिल्यांदाच. पण जेफ्री माइनची आशा सुटली नव्हती. वरचा खड्डा संपत आला असला तरी खाली अजून माल होता. जमिनीखालून खाण काढली तर आणखी कित्येक वर्षं धंदा चालला असता. त्यासाठी गुंतवणूकदारांचा गट उभा राहिला, त्यात पुढे होते मॉन्ट्रियलमधले भारतीय वंशाचे उद्योजक बलजीत चढ्ढा. डोळ्यासमोर बाजार होता भारताचा.

याला विरोध करायला आशियातूनच माणसं गेली. डिसेंबर २०१० मध्ये भारत, इंडोनेशिया, जपान, कोरिया इथले कार्यकर्ते आणि रुग्ण क्यूबेकला जाऊन नेत्यांना भेटले. पुढच्या जूनमध्ये जिनिव्हात रॉटरडॅम कराराची बैठक झाली. या कराराच्या यादीत एखादा पदार्थ गेला की त्यावर बंदी येत नाही. विकणाऱ्याने फक्त घेणाऱ्या देशाला धोका लेखी कळवायचा आणि त्याची संमती घ्यायची. तेवढंसुद्धा कॅनडाने होऊ दिलं नाही. करारात निर्णय एकमताने होतात, त्यामुळे एका देशाचा ‘नाही’ पुरेसा असतो.

जून २०१२ च्या शेवटी ज्याँ शारे यांच्या प्रांतिक सरकारने खाणीला ५ कोटी ८० लाख कॅनडियन डॉलरचं कर्ज जाहीर केलं. गावात आनंद झाला. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली, शारे हरले. नव्या प्रीमियर पोलिन मारवा यांनी प्रचारातच हे कर्ज रद्द करू असं सांगितलं होतं, त्याप्रमाणे ते रद्द झालं. निवडणुकीनंतर काही दिवसांतच केंद्रीय उद्योगमंत्री ख्रिस्तियान पारादी यांनी जाहीर केलं की कॅनडा यापुढे रॉटरडॅम करारात आडवा येणार नाही. पारादी स्वतः थेटफर्ड माइन्सचे, म्हणजे खाणपट्ट्यातलेच.

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरा मुद्दा इथे आहे. शास्त्रीय पुरावे दशकानुदशकं होते. रुग्ण होते, खटले होते, डॉक्टरांची पत्रकं होती. तरी सरकारं हलली नव्हती, कारण खाण बंद करणं म्हणजे त्या पट्ट्यातली मतं घालवणं. गाठ सुटली ती पैशाने. क्यूबेक सरकारने कर्ज रद्द करताना या भागात नवे उद्योग आणण्यासाठी ५ कोटी डॉलरचा निधी बाजूला काढला. केंद्रानेही खाणपट्ट्यासाठी ५ कोटीपर्यंतची योजना आणली. म्हणजे खाण जिवंत ठेवायला जेवढे पैसे लागणार होते, साधारण तेवढेच खाणीशिवाय जगायला दिले. हा हिशोब वीस वर्षं आधी मांडता आला असता.

खाणीनंतर गाव खातं काय?

अशा गावांत पहिलं स्वप्न नेहमी सारखंच असतं. एक मोठी कंपनी गेली ना, मग दुसरी मोठी कंपनी आणा. अ‍ॅस्बेस्टॉसला या स्वप्नाने एकदा नाही, दोनदा चटका दिला.

खाणीतून एक टन कामाचा धागा काढायला कित्येक टन दगड फोडावा लागायचा. उरलेला चुरा गावाभोवती डोंगरासारखा रचलेला आहे, राखाडी, झाडं नसलेला, लांबून दिसणारा. या चुऱ्यात मॅग्नेशियम भरपूर आहे. मॅग्नेशियम म्हणजे हलका धातू, गाड्यांच्या सुट्या भागांपासून ॲल्युमिनियमच्या मिश्रणापर्यंत लागणारा. मग नोरांडा या बड्या कंपनीने शेजारच्या डॅनव्हिलमध्ये मॅग्नोला नावाचा कारखाना काढला. एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च. २००० मध्ये उत्पादन सुरू झालं आणि २००३ मध्ये बंदही पडलं. चीनचं मॅग्नेशियम बाजारात इतकं स्वस्त आलं की कॅनडात बनवणं परवडेना. नंतर अलायन्स मॅग्नेशियम ही दुसरी कंपनी त्याच चुऱ्याकडे वळली, नवं तंत्रज्ञान, नवा सरकारी पैसा. तीही आर्थिक अडचणीत सापडली. कचऱ्यातून सोनं ही कल्पना ऐकायला छान असते, पण भाव शेवटी चीनमध्ये ठरतो.

टिकलं ते छोटं. निधीच्या मदतीने आलेला सगळ्यात लक्षात राहणारा उद्योग आहे बदकांच्या मांसाचा. क्यूबेकमधली लाक ब्रोम ही बदकपालनातली जुनी कंपनी, तिने इथे प्रक्रियेचा कारखाना टाकला. गावात ‘मूलँ ७’ नावाची बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी आहे. मूलँ म्हणजे गिरणी. खाणीच्या सातव्या गिरणीवरून हे नाव घेतलंय, आणि आत खाणीच्या आठवणी मांडून ठेवल्यात. बाकी लहान कारखाने, शेतीमालावरची प्रक्रिया, थोडं पर्यटन. २०१८ मध्ये खाणीच्या खड्ड्यावर जवळपास १.९ किलोमीटर लांबीची पट्टी बांधून तिच्यावरून चालण्याचा जागतिक विक्रमही झाला. खाली पंप बंद झाल्यामुळे खड्ड्यात पाणी साचतंय, निळंहिरवं, फोटोत फार सुंदर दिसतं. आता त्या पाण्याकडे काठावरून बघायला लोक येतात.

या सगळ्याची बेरीज करून खाणीच्या भरभराटीएवढा पगार गावात येतो का? नाही. संपकाळातल्या युनियनने लढून मिळवलेल्या खाणीतल्या नोकरीची जागा मांसप्रक्रियेतली नोकरी घेत नाही. गावात एके काळी १० हजारांच्या आसपास वस्ती होती, ती ७ हजारांवर आली आणि त्यातही वय वाढलेली माणसं जास्त. पण गेल्या काही वर्षांत ती घसरण थांबलीय. २०१६ आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या जवळजवळ तेवढीच आहे. एकाच उद्योगावरचं गाव तो उद्योग गेल्यावर टिकून राहिलं, यालाच यश म्हणावं लागतं. कॅनडाच्या नकाशावर अशी न टिकलेली गावं पुष्कळ आहेत.

नावाचा घोळ

उद्योग आणायचे तर गावाचे लोक बाहेर जाऊन बोलणार. आणि बोलणार म्हणजे आधी व्हिजिटिंग कार्ड देणार. त्यावर मोठ्या अक्षरात ‘अ‍ॅस्बेस्टॉस’. इंग्रजी बोलणारा माणूस ते वाचूनच बिचकतो, हा नगराध्यक्ष युग ग्रिमार आणि नगरपालिकेचा अनुभव होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी नाव बदलायचं जाहीर केलं.

गावात मात्र नाराजी होती, आणि तिला एक भाषेचं कारणही होतं. इथले लोक फ्रेंच बोलतात. फ्रेंचमध्ये या खनिजाला म्हणतात ‘आमियाँत’. त्यामुळे ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ ऐकल्यावर गावकऱ्याला कर्करोग आठवत नाही, त्याला त्याचं गाव, शाळा, हॉकीची टीम आठवते. जे नाव बाहेरच्याला विष वाटतं, ते आतल्याला फक्त पत्ता वाटतो. शिवाय ज्या नावासाठी बापजाद्यांनी संपात मार खाल्ला, ते पुसायचं का, हाही प्रश्न होताच.

पहिल्यांदा सुचवलेली नावं लोकांना आवडली नाहीत, यादी वाढवावी लागली. ‘फेनिक्स’, ‘त्र्वा-लाक’ अशी बरीच नावं होती. शेवटी पसंतीक्रमाच्या मतदानात तिसऱ्या फेरीत ५१ टक्क्यांहून थोड्या जास्त मतांनी जिंकलं ‘व्हाल-दे-सूर्स’, म्हणजे झऱ्यांची दरी. मतदान केलं होतं जेमतेम निम्म्या लोकांनी. डिसेंबर २०२० मध्ये प्रांतिक सरकारने शिक्का मारला. कॅनडाने अ‍ॅस्बेस्टॉसची आयात, विक्री आणि वापर त्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये बंद केला होता.

कागदावरचं नाव गेलं. गावाभोवतीचे ढिगारे आहेत तिथेच आहेत. क्यूबेकच्या पर्यावरण सुनावणी मंडळाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार प्रांतात असा अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेला कचरा आहे ८० कोटी टन. तो उकरून मॅग्नेशियम काढायचं तर धूळ उडते, तसाच ठेवायचा तर वारा-पावसाने सरकतो. यावर तिथे अजून वाद चालू आहे.

आणि आपले पत्रे?

अ‍ॅस्बेस्टॉस गाव बाजारातून बाहेर पडलं, पण भारताला मालाची कमतरता पडली नाही. रशियात उरल पर्वताजवळ एक शहर आहे, त्याचं नाव अ‍ॅस्बेस्ट. तिथली खाण अजून जोरात चालू आहे. २०१८ मध्ये तिथल्या कंपनीने मालाच्या वेष्टनावर ट्रम्प यांच्या चेहऱ्याचा शिक्का मारला होता, कारण अमेरिका अ‍ॅस्बेस्टॉसबाबत नरमेल असं त्यांना वाटलं. ते काही झालं नाही, २०२४ मध्ये अमेरिकेनेही क्रिसोटाइलवर बंदी घातली. भारताची आयात मात्र रशिया, कझाकस्तान, ब्राझील, झिम्बाब्वे अशा देशांतून चालू आहे, दरवर्षी लाखो टन. आज जगात सगळ्यात जास्त अ‍ॅस्बेस्टॉस विकत घेणारा देश आपला आहे. ब्राझीलची गंमत तर आणखी वेगळी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये वापर बंद केला, पण मिनासू गावातली खाण निर्यातीसाठी चालू राहिली. क्यूबेकचीच गोष्ट, फक्त भाषा पोर्तुगीज.

भारताने स्वतःच्या खाणींना १९८६ पासून नवे परवाने दिलेले नाहीत. म्हणजे खणायचं नाही हे सरकारला पटलंय, आणून वापरायला हरकत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला. २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. रॉटरडॅम करारातही २०११ मध्ये भारत यादीच्या बाजूने उभा राहिला होता, २०१३ मध्ये फिरला. त्या यादीत क्रिसोटाइल अजून गेलेलं नाही.

लोक हे पत्रे का घेतात, याचं उत्तर कोकणात कोणीही देईल. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेने गंजतो, उन्हात तापतो, पावसात कानठळ्या बसवतो. सिमेंटचा पत्रा स्वस्त, थंड आणि वर्षानुवर्षं टिकणारा. कौलं परवडत नाहीत, स्लॅबचा तर विचारच नको. शाळा, गोठे, गोदामं, चाळी, सगळीकडे तोच. मुंबईत मुलुंडला कित्येक दशकं या पत्र्यांचा कारखाना होता. तिथे राबलेल्या पिढीला क्यूबेकमध्ये एखादं गाव याच नावाचं आहे, हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

धड असलेला पत्रा डोक्यावर असला म्हणजे लगेच आजार होतो, असं नाही. धागा सिमेंटमध्ये अडकलेला असतो. धोका सुरू होतो पत्रा कापताना, त्याला भोक पाडताना, तो जुना होऊन झिजताना आणि फुटताना. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत असंख्य घरांची छपरं उडवली, पत्र्यांचे तुकडे अंगणात, परसात, वाटेवर पडले. लोकांनी ते हाताने गोळा केले, काही खड्ड्यात टाकले, काही चिखलाच्या वाटेवर पसरले. क्यूबेकमध्ये तसलाच तुकडा उचलायला सूट घातलेली माणसं येतात आणि तो सीलबंद पिशवीतून ठरलेल्या जागी नेऊन पुरतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीला विचारलं की हे फुटलेले पत्रे टाकायचे कुठे, तर ती डंपिंगची नेहमीची जागा दाखवते.